एक्केचाळीस नंबरचं पान

"बघ गो, कशी झकास झाल्यात!" कौसाबाईंनी शेवटच्या द्रोणाला काडी टोचली आणि हात झटकले.

शलाका पडवीच्या पायरीवरच थांबली. वर्तमानपत्रात घालून पाट्याखाली दाबलेली तिची पळसाची पानं आता पत्रावळी आणि द्रोण झाली होती.

"मावशी, ती माझ्या प्रबंधाची पानं होती."

"आता मना काय म्हाईत? आम्ही पन पानं अशीच दाबतो. मना वाटलं, भाडेकरू असून पोरीनं उद्याच्या पूजेची आठवण ठेवली."

शिरगावच्या दोन पळसांची पानं होती ती. एक झाड कातळावरचं, दुसरं उकिरड्याकडचं. प्रत्येकाच्या शेंड्याची चाळीस, खालच्या सावलीतली चाळीस. ऊन आणि माती पानाला किती बदलतात, ते तिला मोजायचं होतं. गेल्या आठवड्यात इमारतीसाठी दोन्ही झाडं तोडली गेली. पुन्हा पानं मिळणार नव्हती. नशीब, प्रत्येक पानामागे तिने शाईने नंबर घातला होता.

"उसव," कौसाबाई पडलेल्या चेहऱ्याने म्हणाल्या. "लोकांना स्टीलच्या ताटांत वाढू."

शलाका वही घेऊन बसली. लहान पत्रावळींत सगळी कातळावरच्या शेंड्याची पानं निघाली, मोठ्या पत्रावळींत उकिरड्याकडच्या शेंड्याची. द्रोण सगळे सावलीतल्या पानांचे. तेही लहान-मोठे वेगळे.

"मावशी, नंबर बघून लावलीत?"

"मना कुठं वाचता येतं? जाड पान वाकवलं का तडकतं, त्याची पत्रावळ. पातल पान वाकतं, त्याचा द्रोण. मोठी मोठ्यांत, बारकी बारक्यांत. त्यात काय!"

शलाका आता चूक शोधत होती. शेवटी एक सापडली आणि तिला जरा बरंच वाटलं. एक्केचाळीस नंबरचं पान लहान पत्रावळीत होतं. वहीत लिहिलं होतं: कातळ, शेंडा, एक ते चाळीस; कातळ, सावली, एक्केचाळीसपासून पुढे; उकिरड्याकडची पानं दोनशेपासून. म्हणजे ते द्रोणात हवं होतं.

तिने पानाची जाडी मोजली. शेंड्याच्या पानाइतकीच भरली. पुन्हा मोजली. तेवढीच.

मग तिच्या लक्षात आलं, एक नंबरचं पान कुठेच नाही. पानं काढून द्यायला गावातला हिरामण झाडावर चढला होता; त्याने दिलेलं पहिलंच पान फाटकं निघालं होतं. नंबर घातल्यावर तिला ते दिसलं, म्हणून तिने ते टाकलं आणि पुढची चाळीस पानं दोनपासून मोजली. शेंडा चाळीसला नाही, एक्केचाळीसला संपला होता.

"एक चुकलं ना गो?" कौसाबाईंनी हळूच विचारलं.

"हो," वहीतला आकडा खोडत शलाका हसली, "पण ते तुमच्याकडून नाही."