बाबांनी बांधलेलं घर

नगरपालिकेच्या नथ्थूनं कुलूप काढलं, दार ढकललं, तरी गुलाबराव आत शिरेनात.

"या ना, काका," विनता आतून म्हणाली. "सांभाळून. उंबरा फार उंच आहे."

"उंच राहीनच. पुराचं पाणी अडावं म्हणून बाबांनी मुद्दाम चढवला." त्यांनी जोडे काढले, पायरीच्या कडेला नीट जोडून ठेवले आणि हळूच पाऊल आत टाकलं.

विनतानं नजर दुसरीकडे वळवली. इतक्या वर्षांनी घरी परतलेल्या माणसाला घडीभर एकटं सोडावं, असं तिला वाटलं.

नर्मदेतल्या नावांचा धंदा जोरात होता, तेव्हा तिलवाऱ्याखालच्या या घाटावर ही चार घरं उठली होती. पुढे नावा गेल्या, माणसं गेली, नगरपालिकेनं कुलपं ठोकली. आता घाटाचा रस्ता रुंद व्हायचा होता. चारपैकी एकच घर राखायला पालिका तयार झाली होती, आणि कोणतं राखायचं ते विनताच्या अहवालावर ठरणार होतं. ती जबलपूरच्या कॉलेजात वास्तुकला शिकवायची. तीन घरांची डागडुजी होऊन होऊन त्यांचा मूळ चेहराच गेला होता. हे चौथं तेवढं जसंच्या तसं होतं. पण ते असं का बांधलं, हे सांगणारं कोणी सापडत नव्हतं.

घाटावर चहाचं दुकान चालवणाऱ्या पुष्पाबाईनं तिला वाट दाखवली होती. "वो एक काका आते हैं ना, दीदी, हर संक्रांत को. मेला भी नहीं देखते. बस उस घर के सामने खड़े रहते हैं. कहते हैं, मेरे बाबा ने बनाया है."

काका म्हणजे गुलाबराव. फॅक्टरीतून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. 'बाबांनी बांधलेल्या घराबद्दल विचारायचं आहे,' असा निरोप मिळताच ते इस्त्रीचा सदरा घालून हजर झाले होते.

आत अंधार होता. गुलाबराव खोलीच्या मधोमध उभे राहिले.

"चूल डाव्या हाताला असेल," ते म्हणाले. "तिच्या मागं भिंतीत खाली भोकं असतील. पाह्य बरं."

विनतानं बॅटरी मारली. काजळीखाली दगड बसवून बुजवलेली भोकं दिसली. समोरच्या भिंतीतही तशीच होती.

"ही कशासाठी, काका?"

"पाणी शिरलंच तर त्याला वाट पाहिजे ना. इकडून येईन, तिकडून जाईन. पाण्याशी भांडते ती भिंत पडते, असं बाबा म्हणत. रोज काही ना काही सांगत या घराचं. जेवताना तर हमखास."

विनता भराभर लिहून घेत होती. माळ्याच्या शिडीकडे जाताना गुलाबरावांचं कपाळ मधल्या तुळईवर खाणकन आपटलं.

"अरे! लागलं का?"

"काही नाही, काही नाही. बाबा बुटके होते." ते कपाळ चोळत हसले. मग हात वर करून त्यांनी तुळई चाचपली. लाकडात जुन्या खिळ्यांची छिद्रं होती. "हे नावेचं लाकूड. पाणी पिऊन पिऊन पक्कं झालेलं. याला वाळवी लागत नाही."

माळ्याला एकच खिडकी होती आणि तिची पाठ नदीकडे होती. विनताला हे कोडं पहिल्या दिवसापासून पडलं होतं.

"नर्मदा समोर असताना खिडकी मागं काहून, काका?"

"पुरात धार पुढून येते, बेटी. नाव लावायची तर मागं, घराच्या आडोशाला. माणसं माळ्यावर चढली, की खिडकीतून सरळ नावेत." ते थांबले. "खिडकीबाहेर लोखंडी कडी असेल. नाव बांधायची."

नथ्थू माळ्यावर चढला. खिडकी करकरली.

"है, भैया!" तो वरून ओरडला. "कड़ी है!"

गुलाबराव शिडीच्या खालच्या पायरीवर मटकन बसले. "आहे?" त्यांनी पुन्हा विचारलं. "खरंच आहे?" डोळे भरून आले होते आणि तोंडभर हसू होतं. वय झालं की आपल्याच आठवणींवर माणसाचा भरवसा राहत नाही, विनताच्या मनात आलं.

"काका, हेच घर राहील," ती म्हणाली. "अहवालात मी तसंच लिहिणार. तुम्ही सांगितलं त्याच्यापुढे कोणाचं काही चालायचं नाही."

गुलाबराव उठले. दोन्ही तळवे भिंतीला टेकवून उभे राहिले.

"राह्यलं पाहिजे," मग म्हणाले. "बाबा गेले तेव्हाही या घराचंच नाव घेऊन राहिले होते."

विनतानं त्यांना दारापाशी उजेडात उभं केलं आणि फोटो काढला. वही उघडून ती म्हणाली, "फोटोखाली लिहिते, 'गुलाबराव, या घराचे मूळ रहिवासी.' ठीक आहे ना?"

"रहिवासी नको लिहू, बेटी," गुलाबराव शांतपणे म्हणाले. "बाबा गवंडी होते. घर पुरं झालं, मालकानं गोमूत्र शिंपडून शुद्ध केलं, अन् त्यानंतर आमच्या जातीच्या माणसाला इथं पाऊल टाकू दिलं नाही. मी आज पहिल्यांदाच आत आलो."