घमेल्यावरचा दगड

जावईबापू, एक किस्सा सांगतो, पण बसल्या जागी ऐका हं. हसू नका.

मघाशी इथंच टोमॅटोच्या वाफ्यातलं गवत काढत होतो, तर समोर नाग, फणा काढून! माझी बोबडीच वळली. हातातलं प्लास्टिकचं घमेलं त्याच्यावर पालथं घातलं, तर तो खालून घमेलंच उचलायला लागला. तुमच्या सासूबाई ओरडल्या, "अहो, बघत काय बसलाय? दगड ठेवा वर!" ठेवला. मग त्या सर्पमित्राला आणायला पळाल्या, आणि मी घोटभर पाणी प्यायला घरात गेलो.



परत येऊन बघतो, तर दगड बाजूला आणि घमेल्यावर तुम्ही. हात जोडतो बापू, तो माणूस येईपर्यंत उठू नका.