तांदळातला नांगर

रोह्याच्या एलियाह पेणकरांची नजर म्हातारपणी फार सोयीची झाली होती. तांदळातला खडा त्यांना दिसत नसे. पण तांदळाच्या दाण्याएवढी पितळी कप्पी घासून तिला दोरा ओवण्यापुरतं भोक ते बरोब्बर मधोमध पाडत. स्वतःच आखलेल्या नकाशाबरहुकूम त्यांचं वीतभर गलबत तयार होत आलं होतं. रविवारी लेक तामार ते इस्रायलला घेऊन जाणार होती. आणि गुरुवारी सकाळी गलबताचा नांगरच गायब!

“एस्थर, माझा नांगर कुठं गेला गो?”

“मघाशी पाखडलेल्या तांदळाचं सूप तुमच्या टेबलावर ठेवलं होतं,” बायको म्हणाली. “त्यात तर नाय ना पडला? ते तांदूळ मी परत डब्यात ओतले.”

एलियाहांनी अख्खा डबा चटईवर रिकामा केला. दाणा न् दाणा बोटाने सरकवत दुपारपर्यंत बसले. बाजूला खड्यांचा ढीग झाला, नांगर काही मिळेना.

“अगोबाई, हा काय! नकाशाखालीच तर होता,” म्हणत एस्थरने नांगर त्यांच्या तळहातावर ठेवला आणि निवडलेले तांदूळ भरून आत गेली.

एलियाहांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी घाईघाईने नांगर गलबताला बांधला, आणि बघतात तर सुकाणू जागेवर नाही.

“एस्थर, आता सुकाणू कुठं गेलं गो?”

“वालात पडलं असंल,” आतून आवाज आला. “संध्याकाळी भिजत घालणार हाय, त्याच्या आधी शोधा.”