पाणवठ्यावरची हाक

आफ्रिकेतल्या पाणवठ्याजवळच्या आडोशातून रजतने मध्य प्रदेशात बालाघाटला वडिलांना, प्रेमलालांना, व्हिडिओ कॉल लावला. “बाबूजी, बोलू नका,” फोन समोर टेकवून ठेवत तो कुजबुजला. आपली पहिली शिकार त्यांनी पाहावी, ही त्याची हौस. बैहरच्या जंगलात तीस वर्षे शिकाऱ्यांमागे धावलेले ते निवृत्त वनरक्षक श्वास रोखून पाहत राहिले. पिळदार शिंगांचे, घोड्याएवढे हरीण पाण्याशी आले, वाकून पिऊ लागले. वाटाड्याने खूण करताच रजतने धनुष्याची दोरी गालापर्यंत ओढली. तेवढ्यात प्रेमलाल जिवाच्या आकांताने ओरडले, “पळ रे लेका, पळ!” फोनमधली हाक ऐकून हरीण उधळले; पडद्यावर नुसती धूळ उरली. “बाबूजी, परवाना हाय माह्याजवळ! काहून ओरडले?” “तीस वर्षं हेच केलं. आज काहून गप राहू?” “आता फोनच नाही करत तुमाले!” “नको करू,” प्रेमलाल म्हणाले. “धनुष्य उचलशील तवा माही हाक आयकू येईन तुले.”