तिनाचे दोन

प्राण्यांच्या भल्यासाठी म्हणून नगरपालिकेने नवा नियम काढला: एका घरात दोनच कुत्री. शिवणकाम करणाऱ्या मावशींकडे होती तीन: दांडगोबा, काळी आणि भुऱ्या. तिसऱ्याची रवानगी कोंडवाड्यात होणार होती, आणि तिथून कुणी जिवंत परत येत नाही हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

"दांडगोबाच जाऊ दे," नवरा म्हणाला. "मला दोनदा चावलाय मेला." मावशींनी काळजावर दगड ठेवून मान डोलावली.

गाडी दारात आली तसा दांडगोबा शिलाई मशीनमागे घुसला आणि असे दात विचकले की कुत्री पकडणाऱ्याने चटकन हात मागे घेतला. काळी तर भिंतीवरून उडी मारून शेजाऱ्यांच्या गच्चीवर पसार झाली.

"बाई, आम्हाला कुठलंही चालतं," तो घाम पुसत म्हणाला. "तिनाचे दोन झाले की आमचं काम झालं. काय ते लवकर बघा, गाडी उन्हात उभी आहे."

मावशींनी एकदा मशीनकडे पाहिलं, एकदा गच्चीकडे. मग त्यांनी डोळे पुसले आणि रोज जेवायला बोलवायच्या त्याच आवाजात हाक मारली, "भुऱ्या, ये रे बाळा."



भुऱ्या शेपटी हलवत धावत आला आणि त्यांनी बोट दाखवताच शहाण्यासारखा आपणहून गाडीत चढून बसला.