घरचा भाव

"घे. बाजारात जो भाव आहे, तोच धरला आहे," ईश्वरदास म्हणाले.

पंकजने नोटांकडे पाहिलं. हात पुढे केला नाही. तो ब्रश धूत राहिला.

"काकू इतके नव्हत्या देत."

"म्हणून तर देऊन राहिलो. जरीपटक्याच्या रंगाच्या दुकानात विचारून आलो मी. घे गा."

बायको भागीरथा गेल्यानंतर घराला पहिल्यांदाच रंग लागला होता. आधीही पंकजच रंगवायचा. भागीरथा त्याच्या हातावर अर्धेच पैसे ठेवायची. घरचाच आहे, म्हणायची. ईश्वरदासांना ते कधी पटलं नाही. पैसे कामाचे असतात, ओळखीचे नसतात, यावरून दोघांचं दर वेळी वाजायचं. ती ऐकायची नाही. पण दुपारी पंकजला स्वयंपाकघराच्या दाराशी बसवून पोटभर जेवू घालायची. काम संपल्यावरही तो यायचा. कधी गळका नळ बघायला, कधी नुसताच.

या वेळी तो डबा घेऊन आला. रोज अंगणात बसून एकटाच जेवला. ईश्वरदासांनी त्याला आत बोलावलं नाही. आपल्या हातचं वरण कोणाला काय वाढायचं, असं त्यांना वाटलं. ते आत एकटे जेवले.

पंकजने हात पुसले. नोटा घेतल्या आणि न मोजता खिशात घातल्या.

"म्हणजे आता मीही बाहेरचा पेंटर झालो, काका."

"असं काहून म्हणतो?"

 पंकजने शिडी खांद्यावर घेतली. फाटकापर्यंत गेला. तिथे थांबला. शिडी पुन्हा खाली ठेवली.

"काका, स्वयंपाकघराची एक भिंत राहिली बरं. काकूच्या भावात चालून गेलं असतं. पूर्ण भाव घेतल्यावर नाही चालत. उद्या येऊन मारून देतो."

ईश्वरदास आत गेले. स्वयंपाकघरातला दिवा लावला. चारही भिंती रंगलेल्या होत्या. कुठे डाग नव्हता, कुठे कोपरा सुटला नव्हता. दाराजवळ, जिथे भागीरथा त्याचं ताट मांडायची, तिथली फरशीही त्याने पुसून ठेवली होती.

 ते बाहेर आले.

"हो, राहिली आहे," ते म्हणाले. "उद्या डबा नको आणजो."