साखर उतरेपर्यंत

परिचारिकेने बोटाला सुई टोचली, रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला आणि यंत्राकडे पाहून कपाळाला आठ्या घातल्या. हिरवा झगा चढवून, डाव्या भुवईवर खूण करून घेऊन बसलेले वडील मात्र निश्चिंत होते. पहाटे मुलगी अंघोळीला गेली असताना त्यांनी स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच साखरेचे दाट पाणी पिऊन घेतले होते.

डॉक्टरीणबाई आल्या त्याच तणतणत. "आजोबा, पुन्हा तेच? गोड खाऊन खाऊन डोळ्यातलं भिंग गढूळ केलंत, आणि आता ते काढूही देत नाही! इतक्या साखरेवर चिरा दिला नि तो चिघळला, तर डोळाच जायचा. आधी साखर उतरवा."

"मी तर चहासुद्धा बिनसाखरेचा घेतो."

"हो ना! ही हवेतूनच आली असेल."

मागच्या खेपेस ती खरोखर आपणहून वाढली होती. शस्त्रक्रिया लांबली, आणि चार वर्षे न फिरकलेली मुलगी दोन महिन्यांत दुसऱ्यांदा घरी आली. शस्त्रक्रिया उरकली असती, तर डोळ्यावरची पट्टी निघताच ती गेली असती. डोळा अधू राहिला तर राहो, तिचे येणे तरी चालू राहील, असे त्यांनी मनाशी पक्के केले होते.

बाहेरच्या बाकावर मुलगी त्यांच्या सदऱ्याच्या गुंड्या लावू लागली.

"पुढची तारीख घेतलीस ना?" त्यांनी जमेल तितक्या खिन्न स्वरात विचारले.

"घेतली. पण तेव्हा शेजारच्या काकांना घेऊन या, बाबा. मला नाही जमायचं."

"का गं?"

"अहो, महिन्याची रजा काढून आले होते. दिवसातून चारदा थेंब घालायचे, वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. एकटे काय करणार होतात तुम्ही? साहेबांच्या नाकदुऱ्या काढून मिळवली होती, ऑपरेशनच्या दाखल्यावर. आता दाखला कुठून आणू? उद्या हजर व्हायलाच हवं."

"आधी का नाही बोललीस?"

"म्हटलं, पट्टी निघाली की सांगू. खूश व्हाल."

त्यांनी गुंडीवरचा तिचा हात धरला.

"उतरेल गं साखर दोन दिवसांत. थांबून तर बघ."

"दोन महिन्यांत उतरली नाही ती? मान वर करा."

तिने गळ्याजवळची गुंडी लावली.

संध्याकाळी गाडी हलली. खिडकीतून हात करीन, असे ती सांगून गेली होती. वडिलांसमोरून उजेडाचे पुसट चौकोन सरकू लागले. त्यांतला तिचा कोणता, ते काही केल्या ओळखू येईना. एकही सुटू नये म्हणून शेवटचा डबा जाईपर्यंत ते प्रत्येक चौकोनाला हात करत राहिले.